गर्भिणीचे आसन



मी युनियनचा माणूस. शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयात. तेव्हा गर्भवतीच्या योगासनांवर मी काय बोलणार, अशी शंका आपणांस येईल. त्याचे कारण सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या सुनेला सहाव्या महिन्यात कंबरदुखीने बेजार केले. डॉक्टरीणबाईंना विचारून ती आसनांच्या वर्गाला जाऊ लागली आणि काही दिवसांत तिला स्वस्थ झोप लागू लागली. विडी कामगार भगिनींच्या बैठकीत मी हे कौतुकाने सांगितले. त्यावर एक वयस्क बाई म्हणाल्या, “भाऊ, आम्ही तर दिवसभर मांडी घालूनच बसतो की! मग आमची कंबर दुखायची का थांबत नाही?” सभा हसली. मला हसू आले नाही. माझी आईही मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत असे; धाकट्या बहिणीच्या वेळी आदल्या संध्याकाळपर्यंत वळीत होती. तो प्रश्न मनात घेऊन मी ग्रंथ चाळू लागलो.

गर्भिणीची आसने फार पुरातन आहेत, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत अवघी १५ आसने वर्णिली आहेत, आणि तो ग्रंथ मठीत राहणाऱ्या साधकासाठी आहे. गरोदर बाईची काळजी वाहिली ती आयुर्वेदाने. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिची महिनेवार आहारचर्या आहे. तिला अपायकारक गोष्टी कोणत्या, तेही तेथे सांगितले आहे: उकिडवे बसणे, वाकड्या-कठीण आसनावर बसणे, मलमूत्राचा वेग अडवून धरणे, दारुण श्रम, अपुरे अन्न. ही यादी वाचताना मला वाटले, ही तर आमच्या कामगार स्त्रीची दिनचर्याच!

गर्भिणीसाठी योग ही अलीकडची, विसाव्या शतकातली घडण. आणि तिचा मोठा भाग आपल्याच प्रांतात घडला. १९१८ मध्ये श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्यास योगसंस्था काढली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभली. मठीतली विद्या अशा रीतीने गृहस्थाच्या घरी आली. पुढे सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले, आणि पुण्याच्या गीता अय्यंगार यांच्या १९८३ च्या ग्रंथात गरोदरपणातील आसनांना स्वतंत्र स्थान मिळाले. तेथपासून बद्धकोणासनासारखी आसने घरोघर माहीत झाली.

त्यांचा गुण कशात आहे? पोट वाढले की भार पुढे येतो, कमरेचा बाक वाढतो, सांध्यांचे बंध सैल होतात. बेताच्या व्यायामाने पाठीचे व कटीचे स्नायू हा भार पेलू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये गरोदरपणातील कंबरदुखी टाळण्यासाठी नियमित व्यायामाची शिफारस केली. अर्थात रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब अशा अवस्थांत वैद्याच्या सल्ल्यावाचून काही करू नये.

परंतु व्यायामाला विसावा लागतो, आणि विसावा फुकट मिळालेला नाही. त्याचा इतिहास दुसऱ्या कपाटात आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे रजेचा करार केला. त्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आपले ना. म. जोशी. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तसाच प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीपूर्व विश्रांतीची बाजू राष्ट्रहिताच्या नावाने मांडली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशातला तो पहिला. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने १२ आठवडे दिले आणि गरोदरपणाच्या अखेरच्या काळात, बाईने मागणी केल्यास, कष्टाचे वा फार वेळ उभे राहण्याचे काम देण्यास मनाई केली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ चे २६ आठवडे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रसूतीलाभाचे प्रकरण आहे.

मंडळी, हे दोन इतिहास एकाच काळी, एकाच मुंबईत घडले. पण एकाच्या पुस्तकात दुसऱ्याचा उल्लेख मला क्वचितच आढळला. योगवर्गातल्या बाईला जोशींचे नाव ठाऊक नसते, आणि आम्ही युनियनवाल्यांनी बाईच्या कमरेची चौकशी कधी केली नाही. रजेचे आठवडे मोजले. त्या आठवड्यांत तिचे शरीर काय सोसते, हे विचारले नाही. हा दोष मी माझ्याकडेही घेतो.

त्या बाईंना मी पुढच्या बैठकीत उत्तर दिले. पतंजलीने आसनाच्या लक्षणात स्थैर्याइतकेच सुखाला स्थान दिले आहे. माझी सून मांडी घालते आणि अवघडली की मोडते. तुमची मांडी हजारी दराला बांधलेली. ती मोडली की मजुरी बुडते. म्हणून ते आसन नव्हे, ते काम आहे.

बाई म्हणाल्या, “मग आधी मांडी मोडायची सोय करा, आसन मागून शिकवा.” आता आमच्या बैठकीत मध्यंतरी दहा मिनिटे सुपे खाली ठेवून सगळ्या पाय मोकळे करतात. दहा मिनिटांनी इतिहास बदलत नाही, हे मी जाणतो. पण त्या दहा मिनिटांची मजुरी कोणी भरावी, हा प्रश्न आता त्या स्वतःच विचारू लागल्या आहेत.