पहिला नंबर कुणाचा, हे ठरवणारे कोण?

डिसेंबर लागला की इंग्रजी संगीत ऐकणाऱ्या पोरांमध्ये एक भांडण हमखास पेटते. वर्षातला सर्वोत्तम अल्बम कोणता? समीक्षकांच्या याद्या येतात आणि आपल्या आवडत्या बँडला सातवा नंबर का, तिसरा का नाही, यावर पोरे रात्र रात्र जागतात. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतही हे भांडण पोहोचले आहे. मागच्या डिसेंबरात स्पर्धा परीक्षेची पुस्तके बाजूला ठेवून दोन पोरे वाद घालत होती. एक रॉकवाला, दुसरा रॅपवाला. विषय मात्र त्यांच्या जन्माआधीचा होता, १९८८ सालची यादी.

रॉकवाला म्हणाला, "त्या वर्षी सॉनिक यूथच्या 'डेड्रीम नेशन'ला दुसरा नंबर आणि पब्लिक एनिमीला पहिला. का? तर गोऱ्या समीक्षकांना अपराधी वाटत होतं. सिम्पथीचे मार्क दिले. ताई, तुम्हीच सांगा, मेरिटवर नंबर लावला असता तर असं झालं असतं का?"

मेरिट! हा पोरगा स्वतः शिष्यवृत्तीवर शिकतो. कॉलेजात त्याला हाच शब्द कुणी कसा ऐकवला होता, हे त्यानेच मला रडवेल्या आवाजात सांगितले होते. तोच शब्द तो आता दुसऱ्या कुणावर फेकत होता. म्हणून हा लेख. भांडण संगीताचे आहे, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या रोजच्या ओळखीचा आहे.

यादी तयार कशी होत असे?

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात 'पॅझ अँड जॉप' नावाचे सर्वेक्षण होत असे. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने ते १९७१ मध्ये सुरू केले. अमेरिकेत समीक्षकांच्या वार्षिक क्रमवारीत याच यादीला सर्वात जास्त वजन होते. पद्धत अशी: प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बम निवडायचे आणि त्यांच्यात १०० गुण वाटायचे. एका अल्बमला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. मग सगळ्यांची बेरीज.

हे गणित नीट पाहा. दहा जणांनी एखाद्या अल्बमला ३० गुण दिले तर त्याचे होतात ३००. साठ जणांनी दुसऱ्या अल्बमला ५ गुण दिले तर त्याचेही ३००. म्हणजे थोड्यांचे वेड आणि अनेकांची सौम्य पसंती एकाच पारड्यात पडते. यात लबाडी नाही. पण बेरीज कितीही काटेकोर असली तरी ती कोणाच्या आवडीची आहे, हा प्रश्न बेरजेच्या आधी येतो. मतपत्रिका कुणाच्या हातात दिल्या, हे गुणपत्रिकेवर कधीच छापलेले नसते.

१९८८ च्या मतदानात पहिला आला पब्लिक एनिमीचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' आणि दुसरा 'डेड्रीम नेशन'. योगायोग असा की दोन्ही नावांत 'नेशन' आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की 'डेड्रीम नेशन' न्यूयॉर्कच्या ग्रीन स्ट्रीट स्टुडिओत रेकॉर्ड झाला आणि त्याचा ध्वनितंत्रज्ञ निक सॅन्सानो पब्लिक एनिमीबरोबरही काम करत होता. १९९० मध्ये सॉनिक यूथच्या 'कूल थिंग' या गाण्यात पब्लिक एनिमीचा चक डी स्वतः बोलला. ज्यांच्या नावाने चाहते आजही एकमेकांची कॉलर धरतात, ते कलाकार एकमेकांचे काम ऐकत होते आणि एकाच माइकसमोर उभे राहत होते.

सहानुभूती की काम?

'सिम्पथी'चा आरोप तपासू. पब्लिक एनिमीच्या निर्मात्यांच्या चमूचे नाव बॉम्ब स्क्वॉड. हँक शॉकली आणि त्याच्या साथीदारांनी जुन्या रेकॉर्डांचे असंख्य तुकडे एकमेकांवर रचले. भोंगे, भाषणे, जेम्स ब्राऊनचे ठेके, सगळे एकत्र. एका गाण्यात तर स्लेयर या मेटल बँडचे गिटारही कापून लावले आहे. असा आवाज त्याआधी कुणी काढला नव्हता. लंडनच्या 'एनएमई' या साप्ताहिकानेही त्या वर्षी हाच अल्बम पहिला ठरवला. दोन देशांतल्या समीक्षकांना एकाच वेळी अपराधीपणाचा झटका आला, असे मानायचे का?

आणि 'हे तर रॅप, रॉकच्या यादीत कशाला' या आक्षेपाचे काय? इथे इतिहास उघडावा लागतो, कारण यादी वेगळी करणे हीच अमेरिकेतली जुनी चाल आहे.

१९२० मध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड तुफान खपली. कंपन्यांना बाजार दिसला. त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा वेगळा कप्पा उघडला. 'बिलबोर्ड' मासिकाने १९४५ ते १९४९ या काळात त्यांची वेगळी यादी याच नावाने छापली. १९४९ मध्ये नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' झाले. नाव सभ्य झाले, पाणवठा वेगळाच राहिला. बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' रेकॉर्ड केले आणि पुढच्या वर्षी ते 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत गाजले. १९५६ मध्ये तेच गाणे एल्विस प्रेस्लीने गायले आणि ते साऱ्या देशाचे झाले. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार घेऊन जे वाजवत होती, त्यावर रॉकची इमारत उभी राहिली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला आत घेतले २०१८ मध्ये. तिचा मृत्यू १९७३ चा.

पुढे तर घर बांधणाऱ्यांनाच दारात अडवले गेले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोट करून उडवला गेला. सुमारे ५० हजारांचा जमाव, बहुतेक गोरे रॉकप्रेमी. मैदानाची इतकी नासधूस झाली की दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिक तरुणांच्या क्लबांतून वर आलेले संगीत होते. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्डही होत्या, असे तिथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने नंतर सांगितले. १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाले, तेव्हा त्यावर कृष्णवर्णीय चेहरा शोधावा लागे. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने त्या वाहिनीवरच्या मुलाखतीत उलट प्रश्न विचारला की इथे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का. रॉक वाहिनी आहे, प्रेक्षकांची आवड वेगळी आहे, अशा धाटणीची उत्तरे मिळाली.

म्हणून १९८५ मध्ये गिटारवादक व्हर्नन रीड, समीक्षक ग्रेग टेट आणि निर्माती कोंडा मेसन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढली. मागणी साधी होती: रॉक आमचेही आहे, आम्ही काय वाजवायचे हे आमच्या कातडीवरून ठरवू नका. रीडच्या 'लिव्हिंग कलर' बँडचा 'व्हिव्हिड' अल्बम त्याच १९८८ मध्ये आला. मिक जॅगरने त्यातल्या दोन गाण्यांची निर्मिती केली. अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत सहाव्या स्थानापर्यंत चढला. संघटना काढल्याशिवाय हे दार उघडले नाही, हे लक्षात घ्या.

पंचाच्या खुर्चीत आपला माणूस असला की काय होते?

आता मुख्य मुद्दा. पब्लिक एनिमीला पहिला नंबर देणारे मतदार बहुसंख्य गोरेच होते. मग तक्रार कशाची?

तक्रार नंबराची नाही, खुर्चीची आहे. शाबासकी मिळणे वेगळे आणि शाबासकी कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क मिळणे वेगळे. पहिली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि ती पुढच्या वर्षी परत घेता येते.

आपला माणूस पंच झाला तर तो आपल्यांनाच मार्क देईल, अशी भीती नेहमी घातली जाते. ग्रेग टेट यांचे उदाहरण या भीतीला पुरून उरते. १९८८ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्येच त्यांनी पब्लिक एनिमीच्या याच अल्बमवर लिहिले. संगीताचे तोंड भरून कौतुक केले आणि त्याच लेखात बँडला धरून धुतले. स्त्रिया, समलैंगिक आणि ज्यू यांना माणुसकीतून उठवून कृष्णवर्णीयांची मुक्ती होणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या मे महिन्यात, बँडचा सदस्य प्रोफेसर ग्रिफ याची ज्यूद्वेषी विधाने एका वृत्तपत्राच्या मुलाखतीतून बाहेर आली आणि मोठे वादळ उठले. जे वादळात सगळ्यांना दिसले, ते टेट यांनी वर्षभर आधी लिहून ठेवले होते.

मुक्तीची भाषा बोलणाऱ्याची चूक मुक्तीच्याच नावाने दाखवून देणे, हे काम घरचा माणूस करू शकतो. बाहेरचा एकतर आंधळे कौतुक करतो किंवा संधी मिळताच सगळेच मोडीत काढतो. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या परंपरेच्या वारसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या माणसांची चिकित्सा आपणच करायची असते, आणि ती कठोरपणे करायची असते.

तबकडी तीच, नंबर वेगळा

रॉकवाल्या पोराला मी पुढची गोष्ट सांगितली. 'पिचफोर्क' या संगीत नियतकालिकाने २००२ मध्ये १९८० च्या दशकातले १०० सर्वोत्तम अल्बम निवडले. तिथे पहिला कोण? 'डेड्रीम नेशन'! पोरगा खूश झाला. मग मी सांगितले की याच नियतकालिकाने २०१८ मध्ये त्या दशकाची यादी नव्याने केली आणि पहिल्या जागी प्रिन्सचा 'पर्पल रेन' आला. आधीची यादी अल्बमांच्या बाबतीत आणि निवडणाऱ्यांच्या बाबतीतही एकसुरी होती, अशी कबुली संपादकांनी स्वतः दिली.

सोळा वर्षांत 'डेड्रीम नेशन'च्या खाचांमधला एक सूरही बदलला नव्हता. बदलले होते ते मोजणारे हात. मेरिट जर वस्तूच्या आत ठाण मांडून बसलेले असेल, तर मोजणारे बदलताच ते जागा कसे बदलते? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की आवड ही घर, शाळा आणि वर्ग यांतून घडते, आणि वरच्यांची आवड 'अभिरुची' म्हणून खपते. त्यांनी पाहिला फ्रान्स. आपण रोज पाहतो ते वेगळे आहे का?

आणि हे सगळे जुने झाले असेही समजू नका. 'रोलिंग स्टोन' मासिकाचे सहसंस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये मुलाखतींचे पुस्तक काढले, नाव 'द मास्टर्स'. त्यात सात कलाकार, सातही गोरे पुरुष. का, असे विचारल्यावर कृष्णवर्णीय आणि स्त्री कलाकार त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मुलाखत छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळातून त्यांना काढले गेले. पण या माणसाने त्याआधी अर्धे शतक रॉकमध्ये थोर कोण हे ठरवले होते. त्या पन्नास वर्षांच्या याद्या कोण दुरुस्त करणार?

बाबासाहेबांचे १९३२ चे भांडण आठवा. पुणे करारात अस्पृश्यांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. आकडा दुपटीने वाढला, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. शेवटचा कौल ज्यांच्या हाती गेला त्यांत बहुसंख्य आपले नव्हते. जागा किती यापेक्षा निवडणारा कोण, हा बाबासाहेबांचा सवाल होता. अल्बमची यादी आणि कोट्यवधी माणसांचे राजकीय भवितव्य यांचे वजन सारखे नाही, हे उघड आहे. पण सवाल तोच आहे.

त्या संध्याकाळी शेवटी मी दोघांना दोन्ही अल्बम ऐकायला सांगितले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये गाणे न बदलता. आठवड्याने रॉकवाला आला. म्हणाला, "ताई, मला अजूनही 'डेड्रीम नेशन'च भारी वाटतो."

मी म्हणाले, वाटू दे. 'डेड्रीम नेशन' मोठाच अल्बम आहे. आवड तुझी आहे, तिच्यासाठी भांड. फक्त दुसऱ्याच्या पहिल्या नंबराला 'सिम्पथी' म्हणू नकोस, कारण उद्या तुझा नंबर लागेल तेव्हा तोच शब्द तुझी वाट पाहत असेल.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आपणच का नाही यादी काढायची?"

मित्रांनो, प्रश्न बरोबर आहे. ऐका, लिहा, चिकित्सा करा, मतपत्रिका मागा. नाही मिळाली तर स्वतःची छापा.

जय भीम.