हें क्रिकेट नव्हे

इंग्रज मनुष्य नापसंती दर्शवितांना आवाज चढवीत नाहीं. बहुधा तो उतरवितो. ‘नॉट क्रिकेट’, हें कांहीं क्रिकेट नव्हे, एवढेंच तो पुटपुटतो. खेळाशीं सुतराम् संबंध नसलेल्या व्यवहारासही हे शब्द लावतात. त्यांचा भाव असा कीं, आपण नियम मोडला नाहीं, परंतु आपली रीत सभ्य गृहस्थाची नव्हे. यांतला डंख कोश उघडून कळत नाहीं.

१९३३ सालीं हा वाक्प्रचार आपल्या माहेरीं, खुद्द मैदानावर, परतला. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन, जन्मानें मुंबईचा, यास डॉन ब्रॅडमनच्या धावांना आळा घालावयाचा होता. त्याच्या हुकमावरून हॅरल्ड लार्वुड हा पूर्वीचा खाणकामगार फलंदाजाच्या अंगाच्या रोखानें उसळते चेंडू टाकी, आणि लेग बाजूस क्षेत्ररक्षकांची फळी दबा धरून उभी राही. पतौडीच्या नबाबांनीं त्या फळींत उभें राहण्याचें नाकारलें. मात्र तेव्हांच्या नियमांत यास बंदी नव्हती.

१४ जानेवारीस अॅडलेडला ऑस्ट्रेलियाचा कप्तान वुडफुल याच्या छातीवर चेंडू आदळला. इंग्लिश संघाचे एक व्यवस्थापक पेल्हॅम वॉर्नर समाचारास गेले, तेव्हां तो म्हणाला कीं, मैदानावर संघ दोन आहेत, पण क्रिकेट खेळूं पाहणारा एकच. शिवी नाहीं, आरडाओरड नाहीं. वॉर्नर खिन्न होऊन परतले. हे बोल वृत्तपत्रांत फुटले.

१८ तारखेस ऑस्ट्रेलियन बोर्डानें लंडनच्या एम. सी. सी. ला तार केली आणि तींत या खेळास ‘अनस्पोर्ट्समनलाइक’ म्हटलें. अर्थ जवळजवळ तोच. परंतु खासगींतला निषेध आतां लेखी आरोप झाला होता, आणि लंडनला तो थपडेसारखा लागला. एम. सी. सी. नें आरोप नाकारून, हवें तर उरलेले सामने रद्द करण्याची तयारी दाखविली. प्रकरण डोमिनियन खात्याचे मंत्री टॉमस यांच्यापर्यंत पोंचलें. अखेर ८ फेब्रुवारीस बोर्डानें, इंग्लिश संघाच्या खिलाडूवृत्तीविषयीं प्रश्नच नाहीं, असें कळविलें. इंग्लंडनें मालिका ४-१ जिंकली.

त्याच डिसेंबरांत जार्डिन मुंबई जिमखान्यावर हिंदुस्थानांतील पहिल्या कसोटी सामन्यास कप्तान म्हणून उतरला. पुढें एम. सी. सी. नेंही ती गोलंदाजी निषिद्ध ठरविली. हुकूम पाळणाऱ्या लार्वुडनें मात्र माफी मागण्याचें साफ नाकारलें. तो पुन्हां इंग्लंडतर्फे कसोटी सामना खेळला नाहीं. १९५० सालीं तो सहकुटुंब कायमच्या वास्तव्यास गेला, तो ऑस्ट्रेलियासच.