नाद: हौशी मोटारशर्यतींच्या इतिहासातील हसू

मराठीतील 'नाद' हा शब्द दुहेरी आहे. संगीतात तो ब्रह्मपदाला पोचतो, आणि घरात 'पोरगा नादाला लागला' असे म्हणून त्याच शब्दापाशी कपाळाला हात लावला जातो. ध्वनी आणि वेड हे दोन अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात. एका माणसात मात्र ते क्वचितच एकत्र येतात. हौशी मोटारशर्यतवाला हा असा दुर्मीळ माणूस आहे. इंजिनाचा नाद हाच त्याचा नाद. शेजाऱ्यांची झोप मोडणारा, घरातली शिल्लक संपवणारा आणि रविवारी रात्री कोपरापर्यंत वंगण माखून परतणारा हा प्राणी गेली सव्वाशे वर्षे जगाला हसवत आला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे का पाहावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की विनोदाच्या सिद्धान्तांत जो माणूस आपल्याला पुस्तकी रूपात भेटतो, तो इथे हाडामांसाचा भेटतो. आणि एका महत्त्वाच्या जागी तो सिद्धान्तालाच अडवतो.

बेन जॉन्सनचे 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' हे नाटक १५९८ साली रंगभूमीवर आले. शरीरातील एखादा द्रव वाढला की सारा स्वभाव एकाच बाजूला कलतो, या तत्कालीन वैद्यकातील कल्पनेवर त्याची पात्रे उभी आहेत. आपण ज्याला 'वल्ली' म्हणतो, तो या पात्रांचा दूरचा नातलग. पुढे १९०० साली आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 'हास्य' या विषयावरील आपल्या निबंधग्रंथात असे मांडले, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो. मात्र असे हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. गंमत अशी, की मोटारींच्या गॉर्डन बेनेट चषकाची पहिली शर्यत त्याच फ्रान्समध्ये त्याच वर्षी धावली. माणसाचे यंत्र होणे एकीकडे ग्रंथात मांडले जात होते आणि दुसरीकडे रस्त्यावर धुरळा उडवत चालले होते.

या वेडाला साहित्यातले रूप लवकरच मिळाले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या केनेथ ग्रॅहॅम यांच्या 'द विंड इन द विलोज' या पुस्तकातील श्रीमंत बेडूक, मिस्टर टोड, मोटार दिसताच भान हरपतो, गाडी पळवतो आणि न्यायालयात उभा राहतो. चोरीबद्दल एक वर्ष, बेफाम हाकण्याबद्दल तीन वर्षे आणि पोलिसाशी उद्धटपणा केल्याबद्दल पंधरा वर्षे, अशी एकोणीस वर्षांची शिक्षा हिशेबाच्या सोयीसाठी वीस केली जाते. टोड ही बर्गसाँच्या मापाची व्यक्तिरेखा आहे. त्याला स्वतःचे हास्यास्पद असणे दिसत नाही, म्हणून तो आपल्याला हास्यास्पद वाटतो. प्रत्यक्ष इतिहासातले हौशी मात्र असे आंधळे होते का?

सुरुवातीपासून पाहू. २२ जुलै १८९४ रोजी 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राने पॅरिस ते रूआं अशी सुमारे १२६ किलोमीटरची मोटारींची चाचणी भरवली. १०२ अर्ज आले. त्यांत वाफ आणि पेट्रोल तर होतेच. पण गुरुत्वाकर्षणावर, बसणाऱ्यांच्या वजनावर किंवा तरफांच्या रचनेवर चालणारी वाहनेही कागदावर अवतरली होती. प्रत्यक्षात निघाली २१. वाटेत मांत या गावी दीड तास जेवणाची सुट्टी होती. काउंट द दियाँ आपल्या वाफेच्या गाडीने पहिले पोचले. पण त्या गाडीला कोळसा घालणारा स्वतंत्र माणूस लागतो म्हणून पहिले बक्षीस पानार आणि प्यूजो या दोन कारखान्यांना विभागून दिले गेले. पुढल्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत एमिल लव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत पहिले आले, तर त्यांची गाडी दोनच आसनांची निघाली आणि नियमात चार आसने हवी होती! पहिला येणारा आणि जिंकणारा निराळा, हा प्रकार या खेळाच्या जन्मपत्रिकेतच आहे. लव्हासोर पुढे १८९६ च्या शर्यतीतील अपघातातून पुरते सावरले नाहीत आणि १८९७ साली वारले, हेही त्याच पत्रिकेत आहे.

इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरील वेगमर्यादा ताशी २० मैल ठेवली. तेव्हा ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यातील आपल्या मालकीच्या जागेवर ब्रुकलँड्स ही पावणेतीन मैलांची काँक्रीटची धाव उभारली. १९०७ साली ती खुली झाली. मोटारशर्यत कशी भरवावी हे कोणालाच ठाऊक नसल्याने संयोजकांनी घोडेशर्यतीचे सारे संकेत उचलले. गाड्यांवर क्रमांक घालण्याऐवजी चालकांनी जॉकीसारखे रंगीत झगे घातले. गाड्या ठेवण्याच्या जागेला 'पॅडॉक' म्हणू लागले, आणि तो शब्द आजच्या फॉर्म्युला वनमध्येही टिकून आहे. अश्वशक्तीचा हा असा शब्दशः अर्थ!

धाव उघडण्याच्या सुमारासच सेल्विन एज यांनी लाल कंदिलांच्या उजेडात रात्रभर नेपिअर गाडी हाकत २४ तासांत १,५८१ मैल कापले. विक्रम झाला, पण आसपासच्या रहिवाशांची झोप गेली. तक्रारी झाल्या आणि रात्रीच्या शर्यतींना बंदी आली. एकाचा नाद तो दुसऱ्याचा गोंगाट, हे तत्त्व तिथे कायद्याने प्रस्थापित झाले. परिणामी १९२९ साली २४ तासांची शर्यत भरवायची ठरली, तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागावी लागली. मधल्या रात्री गाड्या कुलपात आणि चालक अंथरुणात. तिचे नाव 'डबल ट्वेल्व्ह'. हे नाव उच्चारताना संयोजक गंभीर राहिले असतील असे मला वाटत नाही.

याच धावेवर काउंट लुई झबोरोव्स्की १९२१ साली आपली 'चिट्टी बँग बँग' घेऊन अवतरले. मर्सिडीजच्या जुन्या सांगाड्यावर त्यांनी २३ लिटरचे मायबाख विमान-इंजिन बसवले होते. गाडीचे नाव त्या इंजिनाच्या धडधडीवरून पडले असे सांगतात. म्हणजे नादाला नादाचेच नाव. इयान फ्लेमिंग यांच्या १९६४ च्या बालकथेमुळे ते नाव जगभर पोचले. पण या विनोदी गाडीमागे एक सावली आहे. लुईंचे वडील १९०३ साली नीसजवळील ला त्युर्बी येथील चढणीच्या शर्यतीत मरण पावले होते. त्यांच्या बाहीचे बटण हातातल्या नियंत्रकात अडकले, अशी आख्यायिका आहे. १९२४ साली मोंझा येथे लुईही शर्यतीतच गेले, वय २९. त्या दिवशी त्यांच्या बाहीला वडिलांचीच बटणे होती, असे आख्यायिका पुढे सांगते. आख्यायिकेला पुरावा मागू नये. पण लोकांना ती रचावीशी वाटली, यातच बर्गसाँची भूल उतरल्याची खूण आहे. हसता हसता त्यांना एक आठ वर्षांचा पोरका मुलगा दिसला होता.

आणि हौस कोणाची होती, हेही विचारले पाहिजे. ब्रुकलँड्सचे घोषवाक्य 'योग्य माणसे, आणि दाटी नाही' अशा आशयाचे होते. योग्य माणसे म्हणजे पैसेवाली माणसे. १९०८ साली तिथे स्त्रियांची एक शर्यत झाली, म्युरियल थॉम्पसन यांनी ती जिंकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे स्त्रियांना नेहमीच्या शर्यतींत जागा मिळाली नाही. चालकाशेजारी बसून तेल पंप करणारा यांत्रिक हा पगारी नोकर असे. वळणावर मरण आले तर ते दोघांना सारखेच येई, पण इतिहासात नाव बहुधा एकाचेच राही. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक, यांत्रिक आणि रस्त्याकडेचे बघेही मेले आणि ती बोर्दोलाच थांबवावी लागली. 'हौसेला मोल नाही' या आपल्या म्हणीत ते मोल कोणी भरायचे हे सांगितलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ब्रुकलँड्स संपवले. ती जागा विमानांच्या कारखान्याकडे गेली. पेट्रोल शिधापत्रिकेवर आले. उरले होते ते लढाईनंतर ओस पडलेले विमानतळ. सप्टेंबर १९४७ मध्ये सिल्व्हरस्टोन गावच्या मॉरिस गेगन यांनी आपल्या डझनभर मित्रांसह तिथल्या रिकाम्या धावपट्टीवर परवानगीशिवाय शर्यत लावली. तिथे मेंढ्या चरत असत. गेगन यांची गाडी एका मेंढीवर आदळली. मेंढी मेली आणि गाडीही कामातून गेली. मंडळींनी या प्रसंगाला नाव दिले: 'मटन ग्रां प्री'. वर्षभरात, २ ऑक्टोबर १९४८ रोजी, त्याच जागी अधिकृत ग्रां प्री झाली आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत, राजाच्या उपस्थितीत, तिथेच धावली.

'मटन ग्रां प्री' या दोन शब्दांवर थोडे थांबावे असे मी सुचवीन. 'ग्रां प्री' हा महाकाव्याचा शब्द आणि 'मटन' हा खाटकाच्या दुकानातला. भव्य आणि क्षुद्र यांची अशी गाठ मारणे ही विडंबनकाराची जुनी युक्ती. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'च्या वाचकाला ती सांगायला नको. पण इथे विडंबन कोणी बाहेरचा टीकाकार करत नाही. ज्याची गाडी मोडली तो आणि त्याचे मित्रच ते करतात. टोडला जे दिसत नाही, डॉन किहोतेला जे दिसत नाही, ते या मंडळींना स्वच्छ दिसते. पवनचक्की ही पवनचक्कीच आहे हे ठाऊक असूनही ते तिच्यावर चाल करून जातात. बर्गसाँची व्याख्या अडते ती इथे. वेड आणि वेडाचे भान एकाच माणसात असू शकते, आणि मला वाटते, हौशी म्हणावे ते अशाच माणसाला.

या भानाचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. १९४६ साली सर्बिटन येथील गॅरेजवाले चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी दोन छोट्या फियाट गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि चालकाच्या मागे मोटरसायकलचे ५०० सीसीचे इंजिन बसवले. इंजिन मागे का, तर मोटरसायकलची साखळी मागच्या चाकांच्या जवळ असणे सोयीचे. मोठ्या कारखान्यांनी हे खेळणे मनावर घेतले नाही. १९५८ साली अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉस यांनी इंजिन मागे असलेल्या कूपरनेच ग्रां प्री जिंकली. ती गाडी होती रॉब वॉकर या हौशी मालकाची. मद्यव्यवसायातल्या घराण्याचे हे वारस १९३९ च्या 'ल माँ' येथील २४ तासांच्या शर्यतीत रात्री पट्ट्यापट्ट्यांचा सूट घालून चालवत होते, आणि त्यांच्या पारपत्रावर व्यवसायाच्या जागी 'सद्गृहस्थ' असे लिहिले होते, असे सांगतात. १९५९ च्या अखेरच्या शर्यतीत जॅक ब्रॅबम यांच्या कूपरमधले पेट्रोल संपले. त्यांनी गाडी ढकलत रेषेपार नेली, चौथे आले आणि जगज्जेते झाले. गाडी ढकलत मिळालेले जगज्जेतेपद! कोणा प्रहसनकाराने हे लिहिले असते, तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल टोकले असते. १९६१ पर्यंत ग्रां प्रीच्या जवळजवळ साऱ्या गाड्यांची इंजिने मागे गेली होती.

मात्र हे भान सुटले की काय होते? १९५२ साली ल माँ येथे पिएर लेव्हेग यांनी जोडीदार तयार असूनही गाडी त्याच्या हाती दिली नाही. सुमारे तेवीस तास ते एकटे चालवत राहिले, आघाडीवर राहिले, आणि शेवटच्या टप्प्यात इंजिन मोडले. यात हसण्यासारखे आहे, पण हसू घशात अडकते. या हट्टाने त्यांचे नाव झाले, आणि १९५५ साली मर्सिडीजने त्यांना आपल्या संघात घेतले. ११ जूनला त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत गेली. लेव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. चौकशीत कोणाही चालकाला दोषी ठरवले गेले नाही, आणि १९५२ च्या हट्टाचा १९५५ च्या अपघाताशी कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे होईल. तरीही त्या दिवसानंतर हा नाद केवळ विनोदी आहे असे कोणालाही निर्धास्तपणे म्हणता आले नाही. हृदयाला दिलेली भूल किती वेळ पुरते, हा प्रश्न प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

२००६ साली कॅलिफोर्नियात त्याला एक गमतीदार उत्तर मिळाले. अमेरिकन बोलीत टाकाऊ गाडीला 'लेमन' म्हणतात. त्या शब्दाची ल माँशी मोट बांधून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' ही शर्यत सुरू झाली. अट एवढीच, की गाडी ५०० डॉलरांपेक्षा महाग नसावी. सुरक्षेच्या साधनांवरचा खर्च मात्र या हिशेबात धरत नाहीत. गाडीची चेष्टा हवी तितकी, माणसाच्या हाडांची नाही. मटन ग्रां प्रीचे वारस हसायला शिकले होतेच. हसू कुठे थांबवायचे, हेही त्यांनी नियमात लिहून ठेवले.

आपल्याकडे 'हौशी' हा शब्द बहुधा थोडे नाक मुरडून वापरला जातो. हौशी रंगभूमीवर काम केलेल्यांना हे सांगायला नको. व्यावसायिक जिंकण्यासाठी उतरतो, हौशी मेंढीवर आदळण्याची तयारी ठेवून उतरतो. नाद पुष्कळांना लागतो. स्वतःच्या नादाचा आवाज शेजाऱ्याच्या कानाने ऐकू येणे ही मात्र दुर्मीळ गोष्ट आहे, आणि विनोदाच्या अभ्यासकाने तिला वेडाइतकेच मोल दिले पाहिजे.