चार्ज देणं-घेणं

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा त्यात एक सूचना होती: सहलीवर लिहू नकोस, सहलीवरचे लेख पुरेसे आलेत. म्हणून इतिहास निवडला. इतिहासाच्या पेपरात ‘कारणे सांगा’ या प्रश्नाला मी कायम अर्धेच गुण मिळवायचे, हे आमच्या तुकडीतल्या अनेकांना आठवत असेल. सरांनी हा लेख वाचलाच, तर तपासताना थोडा हात सैल सोडावा ही विनंती.

इतिहास फार जुना नाही, जेमतेम दहा वर्षांचा आहे. तो एका व्हिडिओ गेमचा आहे. नाव ‘स्टेलॅरिस’. तुमच्यापैकी काहींच्या घरी तो खेळला जात असेल आणि ‘जेवायला ये’ या हाकेला ‘दोन मिनिटं, युद्ध चालू आहे’ असं उत्तर येत असेल, तर हाच तो गेम असण्याची बरीच शक्यता आहे. खेळ सुरू होतो २२०० सालच्या १ जानेवारीला. तुमच्याकडे एक ग्रह, थोडी जहाजं आणि तुम्हीच घडवलेली एक प्रजाती असते. माणूस, पक्षी, बुरशी, काहीही. मग आकाशगंगा धुंडाळायची, वसाहती करायच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा लढाई करायची आणि शे-दोनशे वर्षं राज्य सांभाळायचं. घड्याळ चालू असतं, पण हवं तेव्हा थांबवता येतं. पटापट बोटं चालवण्याचा हा खेळ नाही, विचार करण्याचा आहे.

हा गेम स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा. या मंडळींची ख्याती इतिहासावरच्या गेमबद्दल होती. मध्ययुगीन सरदार, वसाहतींचा काळ, दुसरं महायुद्ध असे त्यांचे विषय. २०१५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात त्यांनी अवकाशातला गेम जाहीर केला, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. प्रमुख होते हेन्रिक फोरेउस. त्याआधी ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा त्यांच्या नेतृत्वाखाली झालेला गेम गाजला होता. त्यात राज्यापेक्षा राजाचं घर महत्त्वाचं: लग्नं, वारस, भाऊबंदकी, विषप्रयोग. माणसांच्या भानगडींतून इतिहास कसा घडतो हे दाखवणारा हा दिग्दर्शक आता कोरी आकाशगंगा हातात घेत होता.

९ मे २०१६ ला स्टेलॅरिस बाजारात आला. पहिल्या चोवीस तासांत दोन लाखांहून जास्त प्रती खपल्या. सुरुवातीचा भाग लोकांना फार आवडला. अनोळखी तारे, विचित्र अवशेष, पहिल्या परग्रहवासीयांची भेट, हे सगळं आपण शाळेच्या ग्रंथालयातून नारळीकरांच्या विज्ञानकथा पळवून वाचायचो तसं वाटतं. पण मधला भाग मंद होता. सीमा ठरल्या की करायला फारसं उरत नसे. टीकाकारांनीही बहुतेक हेच म्हटलं. आणि याच टप्प्यावर, काही महिन्यांतच, गेमचा चार्ज बदलला. फोरेउस यांच्या जागी मार्टिन आनवर्ड आले. ते त्याच स्टुडिओतले, ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ वर काम केलेले. फोरेउस स्टुडिओतच राहिले आणि पुढे ‘क्रुसेडर किंग्ज ३’ चे दिग्दर्शक झाले. तो २०२० च्या सप्टेंबरमध्ये आला.

‘चार्ज’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या शाळेत मुख्याध्यापक बदलले की डेडस्टॉक रजिस्टर निघायचं. बाक, नकाशे, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, एकेक मोजून सही. गेमच्या दिग्दर्शकाला असं रजिस्टर मिळत नाही. तो सगळा कोड स्वतः लिहीत नाही, चित्रं काढत नाही. हा गेम नेमका काय आहे आणि काय नाही, हे तो ठरवतो. म्हणजे त्याच्या ताब्यात येतात ते आधीच्या माणसाचे निर्णय. त्यातले काही लिहून ठेवलेले असतात आणि बरेचसे नसतात. शिवाय दुकानात विकून झालेल्या वस्तूसारखा हा गेम नाही. तो विकल्यावरही वर्षानुवर्षं बदलत राहतो आणि लोक त्यात राहत असतात. भाडेकरू आत असताना घराची दुरुस्ती करायची, तसा हा प्रकार.

आनवर्ड यांना मिळालेला सगळ्यात अवघड वारसा होता प्रवासाचा. मूळ गेममध्ये ताऱ्यांमधून जाण्याच्या तीन पद्धती होत्या आणि प्रत्येक साम्राज्य सुरुवातीलाच त्यातली एक निवडत असे. पहिली वॉर्प: टप्प्यात असलेल्या कुठल्याही ताऱ्यावर थेट उडी, पण सावकाश. दुसरी हायपरलेन: ताऱ्यांना जोडणारे ठरलेले रस्ते, त्यांवरून वेगाने. तिसरी वर्महोल: आधी स्थानकं बांधायची, मग त्यांच्यातून लांबच लांब उड्या. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्येक खेळाडूची चाल वेगळी, प्रत्येक शेजारी वेगळा. स्टेलॅरिसच्या पहिल्या जाहिराती पाहिल्या तर ही विविधता त्याच्या अभिमानाच्या गोष्टींपैकी होती.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. माझ्या सीमेवर मी किल्ला बांधला. हायपरलेनवाल्या शत्रूला तो ओलांडावा लागेल. वॉर्पवाला त्याच्या बाजूने निघून जाईल. वर्महोलवाला किल्ल्याच्या मागे, माझ्या राजधानीशेजारी उतरेल. मग किल्ला कशाला बांधायचा? खिंड नाही, घाट नाही, नदी नाही. ज्या आकाशगंगेला भूगोलच नाही, तिच्यात डावपेच उरत नाहीत. मोठा ताफा ज्याचा, तो जिंकतो. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय प्रत्येक नवा नियम तीनदा विचारात घ्यायचा, तीनदा तपासायचा, आणि संगणकाकडून खेळणाऱ्या साम्राज्यांनाही तीनदा शिकवायचा. मधला भाग मंद का, याचं एक मोठं कारण इथे होतं.

२०१७ च्या शेवटच्या महिन्यांत आनवर्ड यांनी जाहीर केलं की आता सगळ्यांची सुरुवात हायपरलेननेच होईल. वॉर्प जाणार. वर्महोल राहणार, पण आकाशात आपोआप असलेली नैसर्गिक विवरं म्हणून, आणि तंत्रज्ञान मिळवल्यावरच. सीमासुद्धा बदलणार: पूर्वी वसाहतींच्या प्रभावाने रंग पसरावा तशा त्या पसरत, आता एकेका ताऱ्यावर तळ बांधून तो ताब्यात घ्यायचा. ही आवृत्ती, २.०, ‘चेरी’ या नावाने २२ फेब्रुवारी २०१८ ला आली. (या गेमच्या आवृत्त्यांना तेव्हा विज्ञानकथा लेखकांची नावं देत. क्लार्क, असिमोव्ह, हाइनलाइन झाले, ही सी. जे. चेरी या लेखिकेची.) संताप झालाच. लोकांनी पैसे मोजले होते ते तीन पद्धतींच्या गेमसाठी, आणि त्यातल्या दोन काढून घेतल्या गेल्या. ही तक्रार खोटी नव्हती. आनवर्ड यांनी ती टाळली नाही. बदल येण्याच्या कित्येक आठवडे आधी त्यांनी लांबलचक लिहून कारणं दिली आणि मग ठाम राहिले.

मला यातला फोरेउस यांचा भाग जास्त खुणावतो. तीन पद्धती त्यांच्या कारकिर्दीतल्या. ज्याच्या हाती गेम सोपवला, त्याने दोन वर्षांच्या आत त्यांचा पायाच उखडला, आणि ते त्याच स्टुडिओत दुसऱ्या गेमवर काम करत होते. त्यांना काय वाटलं हे मला कुठून कळणार? पण माझी चौकशी निव्वळ कुतूहलाची नाही. पतसंस्थांचं हिशेबाचं काम करणारी एक प्रणाली मी गेली अकरा वर्षं सांभाळते आहे. येत्या जूनमध्ये तिचा चार्ज मी माझ्या एका सहकारी मुलीला देणार आहे. ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आमच्याकडेही व्याज मोजायच्या तीन पद्धती आहेत, कारण सुरुवातीच्या तीन मोठ्या ग्राहकांना तीन वेगळ्या हव्या होत्या, आणि ते सांभाळलं म्हणून तर आमची कंपनी टिकली. परवा तिने मला विचारलं, “मॅडम, यातल्या दोन काढल्या तर चालतील का?” मी म्हटलं, “जूननंतर मला विचारू नकोस.” तिला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. चहा घ्यायला खाली गेले आणि वर यायला जरा उशीर केला, एवढंच.

चेरीनंतर आनवर्ड थांबले नाहीत. मूळ गेममध्ये प्रत्येक ग्रह म्हणजे जास्तीत जास्त २५ चौकोनांचा पट होता. एकेका चौकोनावर एक इमारत आणि तिथे काम करणारा एक लोकसमूह. ६ डिसेंबर २०१८ च्या २.२ ‘ल गिन’ आवृत्तीत हा पट गेला आणि त्याजागी जिल्हे, नोकऱ्या, थर अशी खरीखुरी अर्थव्यवस्था आली. कल्पना म्हणून ती आधीपेक्षा कितीतरी समृद्ध. पण आली ती कच्ची. संगणकाकडून खेळणाऱ्या साम्राज्यांना नवं अर्थशास्त्र झेपेना, त्यांच्याकडे कधी अन्न कमी तर कधी खनिजं. लोकसंख्या वाढली की गणितं वाढत आणि उत्तरार्धात गेम रेंगाळे. आणि याच सुमारास आनवर्ड बाहेर पडले. तेही स्टुडिओतच, नव्या गेमकडे. तो गेम म्हणजे ‘व्हिक्टोरिया ३’, जो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आला. अर्थव्यवस्थेचं त्यांचं वेड तिथे पुरेपूर दिसतं.

स्टेलॅरिस आला डॅनियल मोरेगोर्ड यांच्याकडे. ते आधीपासून याच गेमवर डिझायनर होते. माझ्या मते चार्जांपैकी सगळ्यात कठीण तो हाच. आनवर्ड यांना मिळालेला गेम अपुरा होता, पण उभा होता. मोरेगोर्ड यांना मिळालेल्या घराचा नवा मजला नुकताच चढला होता आणि गिलावा ओला होता. त्यांनी नवं काही केलं नाही असं नाही. १७ मार्च २०२० च्या ‘फेडरेशन्स’ मध्ये साम्राज्यांचे संघ आणि आकाशगंगेची एक संसद आली. ठराव मांडा, मतं जमवा, नकाराधिकार मिळवा. महाराष्ट्राचं राजकारण पाहिलेल्याला ती घरच्यासारखी वाटेल. पण दर नव्या विस्तारासोबत जुन्या दुरुस्त्या मागे राहत. विस्तार विकला जातो, दुरुस्ती विकली जात नाही. आमच्या धंद्यातलं हे दुखणं सगळीकडे तेच.

यावर २०२१ मध्ये त्यांनी जे केलं, त्याला मी या दहा वर्षांतला सर्वांत शहाणा निर्णय म्हणेन. संघाचे दोन भाग केले. एक भाग नवे विस्तार करणार. दुसऱ्याचं नाव ‘कस्टोडियन’, म्हणजे राखणदार. त्याचं काम फक्त आहे ते नीट करणं: चुका काढणं, संगणकाचा खेळ सुधारणं, जुन्या विकत घेतलेल्या भागांना पुन्हा जिवंत करणं. पहिली फुकट आवृत्ती, ३.१ ‘लेम’, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. २०१६ मध्ये विकलेल्या वनस्पतीसारख्या प्रजातींच्या संचाला तिच्यात पाच वर्षांनी नवे गुणधर्म मिळाले, तेही एक पैसा न घेता. या राखणदार संघाची धुरा स्टीफन म्युरे यांच्याकडे होती. पुढे मोरेगोर्ड यांच्यानंतर गेमचे दिग्दर्शक झाले ते हेच म्युरे.

मला हे फार आवडलं. दुरुस्ती करणारा माणूस मुख्य झाला. आमच्या क्षेत्रात बहुधा उलटं होतं; ज्याने नवं चकचकीत उभं केलं त्याला बढती, आणि रात्री दोन वाजता सर्व्हर उठवणारा तिथेच. आपल्या शाळेत घंटा देणारे मामा आठवा. मुख्याध्यापक बदलत गेले, पण कुठल्या वर्गाचं छत कुठे गळतं हे मामांनाच माहीत.

मात्र राखणदार आला म्हणजे पाडापाडी संपली, असं झालं नाही. ५ मे २०२५ ला, गेम नऊ वर्षांचा व्हायला चार दिवस असताना, म्युरे यांच्या संघाने ४.० ‘फिनिक्स’ आणली आणि आनवर्ड यांची लोकसंख्येची रचना बदलली. पूर्वी एकेक लोकसमूह वेगळा मोजला जाई. आता सारखी माणसं एका गटात, म्हणजे गणितं कमी आणि उत्तरार्धात गेम रेंगाळण्याचं जुनं दुखणं मुळापासून काढायचा प्रयत्न. हीसुद्धा आली ती चुकांसकट. पुढचे कित्येक आठवडे एकामागून एक दुरुस्त्या निघत राहिल्या. संतापही तोच, सात वर्षांपूर्वीचा.

एक गोष्ट मात्र पॅराडॉक्सने पहिल्यापासून सांभाळली. जुन्या आवृत्त्या पुसल्या नाहीत. स्टीमवर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन हवी ती जुनी आवृत्ती उतरवता येते. २.० च्या आधीची १.९ तिथे आहे, तीन पद्धतींसकट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती उतरवून घेतली, वर्महोल निवडलं आणि शेजाऱ्याच्या किल्ल्यामागे उतरले. त्याने किल्ल्यावर बराच खर्च केलेला दिसत होता.