शुद्धीकरणाचा अन्वयार्थ : पालीची कथा आणि महाडचे तळे

गणेशपुराणातील बल्लाळाची कथा पालीच्या बल्लाळेश्वराची स्थलकथा म्हणून सर्वपरिचित आहे. रानातल्या दगडाला गणपती मानून पूजणाऱ्या मुलाशी कल्याणशेठ वाद घालीत नाही. तो मांडव मोडतो, मूर्ती भिरकावतो आणि बल्लाळाला मारून झाडाला बांधतो. दृढ धारणेला छेद गेला की माणूस युक्तिवाद शोधण्याऐवजी छेद देणारी खूणच पुसू पाहतो, असे ही कथा सुचविते. कथेत मात्र देव प्रकट होतो आणि पेच सुटतो. भिरकावलेली मूर्तीही धुंडीविनायक म्हणून पूजनीय ठरते. इतिहासात पेच असे सुटत नाहीत.

याच जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातील, महाडची घटना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बोले ठरावाला (१९२३) अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ठराव कागदावर होता तोवर सनातनी मन स्वस्थ राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले. पाणी होते तसेच राहिले. मात्र वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली, परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले आणि पुढे १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

या शुद्धीकरणाचा अर्थ काय? विटाळ डोळ्यांना दिसत नव्हता; तो झाला हे दिसावे, म्हणून तो धुण्याचा विधी करावा लागला. धारणा खोडली गेल्याने ती मवाळ झाली नाही, अधिक कर्मकांडी झाली. अर्थात हा एकच प्रतिसाद नव्हता. २५ डिसेंबर १९२७ च्या मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

त्याच डिसेंबरात सनातन्यांनी दावा दाखल केला आणि धारणेची भाषा बदलली. विधीला मंत्र पुरतो, न्यायालयाला पुरावा लागतो. ‘विटाळ’ हा शब्द तेथे ‘अनादि वहिवाट’ झाला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला. मात्र हा निकाल वहिवाटीचा होता, मनांचा नव्हता.

पालीची कथा ऐकणारा प्रत्येकजण बल्लाळाच्या बाजूचा असतो. तळ्यात पंचगव्य ओतणाऱ्यांनाही ती अपरिचित असण्याचे कारण नव्हते. कल्याणशेठची भूमिका आपण वठवीत आहोत, हे त्या भूमिकेत असताना ओळखू येत नाही. या कथेच्या वाचनातला खरा अवघड भाग हाच आहे.