गंगाराम कांबळे यांचे हॉटेल : भांडवल राजाने दिले, पण गिऱ्हाईक कोण देणार?

१/ शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे एक दुकान होते. नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’, मालक गंगाराम कांबळे. गंगाराम तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातीतले. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे चहा घेतला, एवढी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. त्या चहामागचा व्यवहार मात्र फारसा सांगितला जात नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी त्या काळचा खाद्यव्यवसाय समजून घेऊ. जातिव्यवस्थेत कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे अन्न चालते, याचे काटेकोर नियम होते. ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचे जवळपास सर्वांना चालत असे; म्हणून खानावळ, भोजनगृह आणि लग्नाचा स्वयंपाक या क्षेत्रांत त्याची चलती होती. उलट टोकाला असलेल्या माणसाच्या हातचे पाणीसुद्धा कोणी घेत नसे. स्वयंपाकाच्या धंद्यात आरक्षण होतेच; ते जन्माने ठरलेले होते आणि त्याला कोणी आरक्षण म्हणत नसे.

३/ विद्यार्थ्यांनाही याची झळ बसे. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या बहुजन मुलाला फी भरणे एक वेळ जमे. पण राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाच्या पंक्तीला? कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न झाला होता. तेथे अखेर ब्राह्मण विद्यार्थीच उरले.

४/ म्हणून शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्न देण्याचा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शिक्षणाचा प्रश्न मुळात निवाऱ्याचा आणि जेवणाचाही आहे, हे त्यांनी ओळखले होते.

५/ आता त्याच काळातील दुसऱ्या संस्थानाकडे, बडोद्याकडे पाहू. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. परतल्यावर करारानुसार ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती मिळाली, पद मिळाले. शहरात राहायला खोली मात्र मिळेना.

६/ हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात मुक्काम केला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी पाच तास कामाठी बागेत काढले. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

७/ बडोद्याच्या महाराजांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांची मदत नेमणुकीच्या पत्रापाशी थांबली. त्या पत्रापलीकडचे शहर, म्हणजे घरमालक, खानावळवाले, कचेरीतले सहकारी आणि शिपाई, जसे होते तसेच राहिले. होतकरू माणसाला दारापर्यंत आणून सोडायचे आणि दार उघडण्याचे काम त्याच्यावरच टाकायचे, असे ते साहाय्य होते.

८/ कोल्हापूरची गोष्ट येथे वेगळी होते. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत चाकरीला होते. उच्चवर्णीयांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावल्यावरून तेथील नोकरांनी त्यांना बेदम मारले. गंगारामांनी महाराजांपुढे पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितले. पैशाची मदतही केली.

९/ गंगारामांनी निवडलेला धंदा लक्षात घ्या. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे म्हणून मारले, त्याच माणसाने लोकांना पाणी आणि चहा देण्याचे दुकान थाटले, तेही भर रस्त्यावर. त्यांनी कापडाचे किंवा लाकडाचे दुकान काढले असते तर कदाचित इतकी खळबळ माजली नसती. चहाचा पेला थेट ओठांना लागतो.

१०/ आणि नेमके तेथेच घोडे अडले. भांडवल होते, जागा होती, राजाचा आशीर्वाद होता. पण सवर्ण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. आज आपण ज्याला उद्योजकतेला प्रोत्साहन म्हणतो ते सर्व देऊन झाल्यावरही धंदा चालण्याची खात्री नव्हती.

११/ मग महाराज स्वतः येऊ लागले. फेरफटक्याला निघालेली त्यांची गाडी हॉटेलसमोर थांबे आणि ते चहा मागवत. सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तोच चहा दिला जाई. राजा पीत असताना नाही म्हणण्याची सोय नव्हती. या प्रसंगांच्या आठवणी कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांच्या तपशिलांत फरक असला, तरी गाभा एकच आहे.

१२/ याकडे केवळ राजाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून पाहिले, तर तिच्यातला विचार निसटतो. महाराजांनी गंगारामांच्या धंद्यातली नेमकी उणीव हेरली. त्यांना हवे होते गिऱ्हाईक, आणि तेही उघड्यावर, चारचौघांच्या देखत. महाराजांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावून ते पुरवले.

१३/ ही एकट्या माणसाची लहरही नव्हती. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा झाला. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम निघाले. चहाचा पेला या साखळीतली एक कडी होती. मात्र हुकूम विहिरीवरची आडकाठी दूर करू शकतो. कोणाला एखाद्या दुकानात चहा प्यायला लावू शकत नाही.

१४/ भारताच्या राज्यघटनेतही ही मर्यादा जाणवते. अनुच्छेद १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पाहुण्याचा हक्क सुरक्षित झाला. पण मालकच दलित असेल आणि गिऱ्हाईक निमूटपणे पुढच्या दुकानात गेले, तर कोणते कलम लावणार? कायदा विक्रेत्याला बांधतो. ग्राहकाच्या मनापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

१५/ आजही साहाय्य म्हटले की आपल्यासमोर शिष्यवृत्ती आणि कर्ज येते. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली. अशा योजना आवश्यकच आहेत. परंतु हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या मुलाला नोकरी मिळाल्यावर त्याला मुदपाकखान्यात उभे करतात की भांडी घासायच्या मोरीवर, आणि त्याने स्वतःचे उपाहारगृह काढले तर पाटीवर आडनाव लिहिण्याची हिंमत त्याला होते का, हे प्रश्न कर्जाच्या अर्जात मावत नाहीत.

१६/ शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्यानंतर कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे एक आरंभीचे स्मारक उभे राहिले. ते उभारण्यात पुढाकार होता गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांचा. ज्याच्या दुकानात चहा प्यायला शहर कचरत होते, त्या माणसाने शहराच्या राजाची आठवण जपण्याचे काम हाती घेतले.

१७/ कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे दर्शन घ्याल, रंकाळ्यावर फिराल, तांबडा-पांढरा रस्सा ओरपाल. वेळ काढून नर्सरी बागेतही जा. आणि भाऊसिंगजी रस्त्यावर कोठेतरी थांबून एक चहा घ्या. (समाप्त)