कुऱ्हाडबंदी कोणासाठी? कोळसा, गायरान आणि भूमिहीन

नगर जिल्ह्याने देशाला राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही 'आदर्श गावे' दिली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही त्या आदर्शाची ठळक सूत्रे. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, हे खरेच. पण ज्याला विहीरच नाही, ज्याची सारी मालमत्ता चार शेळ्या आणि एक कुऱ्हाड, त्याच्या पदरात या बंदीने काय पडते?

शेळी आणि कुऱ्हाड जंगल संपवतात, हे या बंदीमागचे गृहीतक. स्पेनच्या नैऋत्य भागातील 'देहेसा' हे रान ते खोटे ठरवते. तिथे शेकडो वर्षे ओकची झाडे विरळ राखली जातात आणि त्याखाली मेंढ्या, गाई, काळी डुकरे चरतात. झाड तोडत नाहीत. ठरावीक वर्षांनी फांद्या छाटून त्यांचा कोळसा पाडतात. उलट चराई थांबली की झुडपे माजतात आणि वणव्याचा धोका वाढतो.

मात्र देहेसाच्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. ही राने बव्हंशी बड्या जमीनदारांची होती. २५ मार्च १९३६ रोजी बादाहोस प्रांतात सुमारे साठ हजार भूमिहीनांनी अशा जमिनींचा ताबा घेतला. पुढे फ्रँकोच्या फौजा आल्या आणि जमिनी पुन्हा जमीनदारांकडे गेल्या. रान टिकले, पण त्यात राबणारा भूमिहीनच राहिला.

आपल्याकडे काय घडले? इंग्रजांच्या जंगल खात्याने गावांची गायराने गिळल्याचा जाब महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विचारला होता. १९२७ च्या वन कायद्याने कोळसा जंगलातला असो वा नसो, तो वनोपजच ठरवला. परवाना मिळवू शकणारा ठेकेदार व्यापारी झाला आणि भट्टी लावणारा गरीब चोर. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपली. तरी उचलीच्या फासात अडकलेली कातकरी कुटुंबे त्यानंतरही कोळसाभट्ट्यांवर राबत राहिली.

या लुटीला उत्तर दिले ते आंबेडकरी चळवळीने. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय याच रेट्याचे फळ. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण अपवाद म्हणून भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा उल्लेखही केला. नोटीस आली तर ही ओळ तहसीलदारापुढे ठेवा.

दलिताने गायरान नांगरले की गावाला गुरांची आठवण येते; त्याच दलिताची शेळी डोंगरावर गेली की गावाला झाडांची आठवण येते. पर्यावरणाची भाषा अशी जातीच्या सोयीने बदलते.

म्हणून आपली मागणी दुहेरी हवी. कसणाऱ्याच्या नावे गायरानाचा पट्टा, आणि उरलेल्या रानात भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला चराई, छाटणी व कोळशाचा हक्क. तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणारी वेडी बाभूळ जिल्ह्यात उदंड आहे. मालकी नसलेल्या माणसाकडून जंगल राखण्याची अपेक्षा करणे म्हणजे पुन्हा वेठच.

जय भीम!